अकरा मिनिटं उशिरा

(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'निवृत्तीनंतर मी काय करतो' या विषयावर वीस मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी कळवलं होतं. माझ्याआधी सह्याद्रीतली भटकंती झाली, मधुमेह झाला, गच्चीवरची भाजी झाली. टाळ्याही चांगल्या पडल्या. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढं काही नाही. निवृत्त झाल्यावर मी एक जुनी ब्रिटिश विनोदी मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पुन्हा पाहिली, बायकोला शेजारी बसवून. जेवणानंतरची वेळ आहे, कोणाला डुलकी लागली तर माझी हरकत नाही. बाईंची असेल.

मालिकेचं नाव 'द फॉल अँड राइज ऑफ रेजिनल्ड पेरिन'. बीबीसीवर ती सप्टेंबर १९७६ मध्ये सुरू झाली. आपण तेव्हा आठवीत होतो. देशात आणीबाणी होती, दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं होऊन जेमतेम पाच महिने झाले होते, आणि आपल्या आळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दाराबाहेर संध्याकाळी चपलांचा ढीग असायचा. त्यामुळे ती तेव्हा आपल्यापैकी कोणी पाहिलेली असणं शक्य नाही. मी पाहिली १९९१ मध्ये. कंपनीने नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं होतं, आणि मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होतो त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टीव्हीवरून कॅसेटवर उतरवून ठेवली होती. रविवारी पाऊस असायचा, म्हणजे बहुतेक सगळ्याच रविवारी. मग चहा आणि पेरिन.

गोष्ट अशी. रेजिनल्ड पेरिन हा सेहेचाळीस वर्षांचा गृहस्थ. लंडनच्या उपनगरात घर, समजूतदार बायको एलिझाबेथ, मोठी झालेली मुलगी आणि मुलगा. वस्तीतल्या रस्त्यांना कवींची नावं. तो 'सनशाइन डेझर्ट्स' नावाच्या पुडिंग-आइस्क्रीमच्या कंपनीत अधिकारी आहे. रोज तीच गाडी, तोच डबा, तेच ऑफिस. गाडी रोज अकरा मिनिटं उशिरा. त्याला कसलंही मोठं दुःख नाही, आणि हेच त्याचं दुःख आहे. शेवटी एके दिवशी तो समुद्रकिनाऱ्यावर कपडे काढून ठेवतो, आत्महत्या केली असा देखावा करतो आणि नाहीसा होतो. वेगवेगळ्या सोंगांत भटकतो. मग मार्टिन वेलबोर्न असं नाव घेऊन परत येतो, स्वतःच्या शोकसभेला हजर राहतो आणि स्वतःच्या विधवेशी लग्न करतो.

लेखक डेव्हिड नॉब्ज. त्याची कादंबरी १९७५ ची. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९७४ मध्ये, जॉन स्टोनहाउस नावाचे ब्रिटिश खासदार मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून असेच गायब झाले आणि महिन्याभराने ऑस्ट्रेलियात जिवंत सापडले! पुढे 'रेजी पेरिन करणं' हा इंग्रजीत वाक्प्रचारच झाला. पेरिनचं काम करणारा नट लिओनार्ड रॉसिटर. लांब चेहरा, ताणलेले ओठ, आणि बोलण्याचा वेग असा की आपल्या संस्कृतच्या सरांनीही थांबून ऐकावं. १९८४ मध्ये लंडनमध्ये नाटकाचा प्रयोग चालू असताना तो वारला. वय सत्तावन्न. आज आपण सगळे त्याच्याहून मोठे आहोत, हे मोजल्यावर मला जरा चमत्कारिक वाटलं.

आता मुद्द्यावर येतो. अठ्ठाविसाव्या वर्षी पाहिलेली गोष्ट बासष्टाव्या वर्षी पाहिली. ती टिकली का? आपण लोणच्याबद्दल म्हणतो ना, एक बरणी मुरते आणि एक बरणी खराब होते. इथे दोन्ही बरण्या एकाच फडताळात आहेत.

आधी खराब झालेली बरणी. ऑफिसातली सेक्रेटरी जोन. पेरिन तिच्याबद्दल मनात काय काय रंगवतो आणि आपण त्यावर हसावं अशी अपेक्षा असते. ती नटी उत्तम आहे, पण प्रसंग आज अवघडून टाकतात. आपल्यातल्या ज्या मैत्रिणींनी तीस-तीस वर्षं बँकेत, टेलिफोनमध्ये, मंत्रालयात काढली त्यांना मी सांगायला नको. तिसऱ्या पर्वात एक स्कॉटिश स्वयंपाकी आहे. तो काय बोलतो ते कोणाला कळत नाही, एवढाच त्याचा विनोद. सात भाग तो ताणायचा म्हणजे फार झालं. आणि कपडे किनाऱ्यावर ठेवण्याचा जो प्रसंग, त्यावर मी १९९१ साली मोठ्याने हसलो होतो. यावेळी आम्ही दोघं गप्प बसलो. या वयापर्यंत प्रत्येकाच्या ओळखीत एखादं घर असं असतं, जिथे ती गोष्ट देखावा नव्हती.

काही विनोद वाईट नाहीत, पण त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. पेरिनकडे नव्या, परदेशी चवींच्या आइस्क्रीमचं काम दिलेलं असतं. त्यातली एक चव आंब्याची. १९७६ च्या इंग्लंडमध्ये आंब्याचं आइस्क्रीम हे ऐकूनच लोक हसत. मी मात्र त्या खोलीत एकटाच न हसता बसलो होतो. आंब्याचं आइस्क्रीम म्हणजे आपल्याला मे महिना, खडेमीठ घातलेला बर्फ आणि पॉट फिरवायला लावलेली आपण पोरं. आता इंग्लंडच्या दुकानांतही आंबा सर्रास मिळतो, त्यामुळे हा विनोद त्याच्या माहेरीही उरला नाही.

पण त्याला लागूनच जे येतं ते पाहा. कोणती चव लोकांना आवडते याची पाहणी होते, आकडे कॉम्प्युटरमध्ये घालतात, आणि कॉम्प्युटर उत्तर देतो की सर्वांत लोकप्रिय तीन चवी म्हणजे पुस्तकं उभी ठेवायचे ठोकळे, अंग घासायचा दगड आणि पश्चिम जर्मनी. पश्चिम जर्मनी नावाचा देश आता नाही. विनोद मात्र तेव्हापेक्षा जास्त लागतो, कारण आज माझा नातू मोबाइलला प्रश्न विचारतो आणि तो मोबाइल त्याच आत्मविश्वासाने कधी कधी तसलीच उत्तरं देतो.

इथे माझ्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. या मालिकेत जे सरळ, घरगुती, त्या काळाला धरून होतं ते शिळं झालं. जे अगदीच अतर्क्य होतं, ते टिकलं. खरं तर उलट व्हायला हवं होतं.

मालिकेतला सर्वांत प्रसिद्ध अतर्क्य प्रकार म्हणजे पाणघोडा. कोणी पेरिनच्या सासूचं नाव काढलं की पडद्यावर दोन-तीन सेकंद एक पाणघोडा दुडदुडत जातो. कोणी त्यावर काही बोलत नाही, संवाद पुढे चालू राहतो. सासूवरचा विनोद म्हणून तो पाहिला तर तो मेलाच आहे. आपल्याकडेही सासूच्या विनोदांची पुस्तकं एस.टी. स्टँडवर मिळायची, आज ती हातात धरवत नाहीत. शिवाय माझी बायको आता स्वतः सासू आहे, त्यामुळे पहिल्यांदा पाणघोडा आला तेव्हा मी टीव्हीकडे न बघता तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मला त्याचा राग नाही आला. बिचारा आपल्या वाटेने चाललाय. हा माणूसच ठीक नाही."

हे ऐकून मी कार्यक्रम थांबवला. कारण तिने बरोबर ओळखलं होतं. पाणघोडा सासूबद्दल काही सांगतच नाही. तो पेरिनच्या डोक्यात आहे. हा माणूस वरून नीट उत्तरं देतोय, टाय नीट आहे, आणि आत काहीतरी सुटून धावायला लागलंय. पहिल्या भागात तो हसवतो, चौथ्या भागात काळजी वाटते.

गाडीचंही तसंच. रोज अकरा मिनिटं उशीर, आणि पेरिन ऑफिसात आल्यावर सेक्रेटरीला गंभीरपणे कारण सांगतो. आधी कर्मचाऱ्यांची अडचण, सिग्नलचा बिघाड अशी साधी कारणं. पुढे उशीर बावीस मिनिटांवर जातो आणि कारणं वेडी होतात: बॅजर नावाच्या प्राण्याने रेल्वेची जंक्शन पेटी खाल्ली, कुठल्याशा स्टेशनवर प्यूमा सुटला. आपण मध्य रेल्वेवर वाढलेली माणसं. 'तांत्रिक बिघाडामुळे' हे शब्द आपण अभंगासारखे पाठ केले आहेत. मला विचाराल तर प्यूमा सुटला हे कारण जास्त पटण्यासारखं आहे.

ऑफिसचा मालक सी.जे. त्याच्या खोलीतल्या खुर्च्या अशा, की समोरचा बसला की भलताच आवाज व्हावा. मालक काही झालं नाही अशा चेहऱ्याने बोलत राहतो, आणि दर दोन वाक्यांनी आपण आज या पदाला कशामुळे पोचलो, किंवा कशामुळे नाही पोचलो, ते सांगतो. हाताखालचे दोन तरुण अधिकारी. कोणतीही सूचना आली की एक म्हणतो 'ग्रेट', दुसरा म्हणतो 'सुपर'. बस, दुसरं काही नाही. मित्रहो, आपला व्हॉट्सअॅपचा ग्रुप उघडा. या संमेलनाची तारीख तीनदा बदलली. तिन्ही वेळा खाली चाळीस अंगठे.

तिसरा एक प्रकार आठवतो. पेरिनचा मेहुणा जिमी, लष्करातून निवृत्त झालेला. तो घरी येतो आणि विश्वासात घेऊन सांगतो की मी एक खासगी फौज उभारतोय. कोणाविरुद्ध? मग यादी सुरू होते, आणि त्या यादीत त्याला न आवडणारं जगातलं सगळं येतं. पेरिन शांतपणे विचारतो की तुझ्या फौजेत कसली माणसं येतील माहीत आहे का, आणि तो गुंड, माथेफिरू, वंशद्वेष्टे अशी आपली यादी वाचतो. जिमीचा चेहरा खुलतो: खरंच येतील म्हणतोस? मला वाटत होतं पाठिंबा मिळणं कठीण जाईल! हे नुसतं डोक्यातून काढलेलं नव्हतं. १९७४-७५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये काही निवृत्त लष्करी अधिकारी खरोखर अशा संघटनांची भाषा करत होते. तो काळ गेला, त्या यादीतली निम्मी नावं आज समजत नाहीत, पण तशी यादी घेऊन घरी येणारा पाहुणा आपल्या प्रत्येकाकडे आहे.

दुसऱ्या पर्वात पेरिन 'ग्रॉट' नावाचं दुकान काढतो. तिथे फक्त निरुपयोगी वस्तू, आणि तसं स्पष्ट सांगून विकलेल्या. फिरवायला चौकोनी चाकं, भोकं नसलेली मीठ-मिरपुडीची भांडी, जावयाने केलेली भयंकर वाइन. दुकान पडावं म्हणून उघडलेलं, पण ते तुफान चालतं. जागोजागी शाखा निघतात. वैतागून तो दुकान बुडवायला नालायक माणसं नेमतो; एका आयरिश मजुराला, हा नक्की मठ्ठ असणार म्हणून, मोठ्या पदावर बसवतो, आणि तो व्यवस्थापनात हुशार निघतो. आयरिश माणसांवरच्या विनोदांच्या त्या काळात हा टोला लेखकाने आपल्याच प्रेक्षकांना लगावला होता. ग्रॉटबद्दल अधिक बोलत नाही. आपली स्मृतिचिन्हं मागच्या टेबलावर ठेवली आहेत.

२००९ मध्ये बीबीसीने मार्टिन क्लून्स या नटाला घेऊन ही मालिका नव्याने केली. स्वतः नॉब्ज त्यात सहलेखक होते. योगायोगाने मी तेव्हा बरोबर सेहेचाळीस वर्षांचा होतो. कंपनी आइस्क्रीमऐवजी वस्तऱ्यांची, गाडी तशीच उशिरा. चांगली होती, पण दोन पर्वांत संपली. मला वाटतं, कारण असं की नोकरीचा वैताग २००९ पर्यंत सगळ्यांनी मोठ्याने बोलायला सुरुवात केली होती. १९७६ चा पेरिन तो कोणाजवळच बोलू शकत नाही. म्हणून त्याच्या डोक्यात पाणघोडे.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी मी हा विषय घेतला ते.

१९९१ मध्ये मला ही गोष्ट पळून जाणाऱ्या माणसाची वाटली होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती, साहेब त्रास देत होता, पळून जाण्यात मजा वाटली. यावेळी मला ती परत येणाऱ्या माणसाची वाटली. पळून जाणं फारसं अवघड नाही, पेरिन ते एका दुपारी करतो. सोंगं घेऊन भटकल्यावर त्याला कळतं की एलिझाबेथशिवाय कशालाच अर्थ नाही. पण परत येताना तो पेरिन म्हणून येऊ शकत नाही. कोणत्या तोंडाने येणार? म्हणून दाढी, नवं नाव, नवा आवाज.

आणि एलिझाबेथ त्याला ओळखते. ओळखते आणि बोलत नाही. त्याचं सोंग चालू देते, त्याच्या नव्या नावाने त्याला हाक मारते, त्याच्याशी पुन्हा लग्न करते. मालिकेतली सर्वांत अतर्क्य घटना खरं तर हीच, आणि अर्ध्या शतकानंतर तिला कुठेही बुरशी नाही. माझी बायको म्हणाली, "तिला दारातच कळलं असणार. पण त्याला कळू द्यायचं की नाही, हे तिने ठरवायचं."

मित्रमैत्रिणींनो, या संमेलनासाठी यादीतल्या काही जणांना फोन करायचं काम माझ्याकडे होतं. बहुतेक जण आनंदाने आले. तिघं पत्ता-फोन असूनही आले नाहीत. नावं सांगणार नाही. त्यातला एक माझ्या बाकावर बसायचा. गणितात माझ्यापेक्षा पुढे. त्याला फोन केला तेव्हा आधी त्याने चुकीचा नंबर आहे असं सांगितलं. आवाज मी ओळखला, मुकाट्याने फोन ठेवला. चार दिवसांनी त्याचाच फोन आला. तब्येत, पाऊस, सरांची चौकशी, सगळं झालं. शेवटी म्हणाला, "येऊन काय सांगू रे? तिथे सगळे काय काय झालेत." त्याचा कारखाना बंद पडला त्याला वीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून त्याने काय केलं हे मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

सकाळपासून आपण एकमेकांना काय विचारतोय? कुठे असतोस, कुठून निवृत्त झालास, मुलं कुठे आहेत. प्रेमानेच विचारतोय, माहीत आहे मला. पण ज्याच्याकडे या तिन्हींची चांगली उत्तरं नाहीत, त्याला या दारातून आत यायला दाढी लावावी लागेल. आपण इथे ज्याला ओळखतो तो कुठला महाव्यवस्थापक नाही. तो फळ्याजवळ उभा राहून रडलेला, डब्यातली अर्धी पोळी दिलेला, बाईंनी कान धरलेला मुलगा आहे. त्याने पुढे कोणतंही नाव घेतलं असेल, कोणतंही सोंग घेतलं असेल, आवाजावरून तो आपल्याला कळणारच. कळल्यावर गप्प बसता यायला हवं, एवढंच.

पुढचं संमेलन दोन वर्षांनी आहे असं संयोजक म्हणतात. मी त्याला पुन्हा फोन करणार आहे. चुकीचा नंबर म्हणाला तर चुकीच्या नंबरवरच्या माणसाशी पाच मिनिटं गप्पा मारीन, मला वेळ आहे. आणि तो आला, अकरा मिनिटं किंवा कित्येक वर्षं उशिरा, तर कारण विचारू नका. प्यूमा सुटला होता असं तो म्हणाला, तर मान डोलवा आणि बाकावर जागा करून द्या.

सर, बाई, वेळ संपल्याची घंटा मी ऐकली आहे.